कायमचं शेतावर राहायला जायचंय : भोर, पुरंदर की जुन्नर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात नोकरी करणारं चाळिशीतलं जोडपं, शाळेत जाणारी दोन मुलं आणि बायपास झालेले एकाहत्तर वर्षांचे वडील. २०२० च्या टाळेबंदीत किराण्यासाठी आणि वडिलांच्या गोळ्यांसाठी झालेली वणवण अजून विसरता आलेली नाही. म्हणून दोनेक एकर घेऊन तिथेच घर बांधायचं, धान्य, भाजी, दूध घरचं करायचं, आणि बाहेरचं सगळं बंद पडलं तरी महिनाभर चूल पेटली पाहिजे. मनात भोर, पुरंदर आणि जुन्नर हे तीन तालुके आहेत, आणि त्यातला कोणता चांगला हे विचारलंय.

मी पंचवीस वर्षं भूजलाच्या आणि पाणलोटाच्या कामात आहे, आणि सोळा वर्षं भोर तालुक्यात शेतावर राहते. त्यामुळे भोरकडे माझा ओढा असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

तालुक्याचं नाव सांगून तुमचं काम होणार नाही. सह्याद्रीच्या या बाजूला पाऊस फार थोड्या अंतरात बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. भोरमध्ये हिरडस मावळात जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि महामार्गाकडे नसरापूरच्या बाजूला आलात की त्याच आठवड्यात शेतकरी उघडीप मिळाली म्हणून कोळपणी उरकत असतात. जुन्नरचा आदिवासी पश्चिम भाग आणि नारायणगावचा बागायती पट्टा हेही असेच दोन वेगळे मुलूख. तेव्हा पारखायचं ते गाव, आणि गावातही नेमकं शिवार. तेही सरासरी वर्षावर पारखू नका. दरवर्षी दोन वाईट पंधरवडे येतात, मेचा दुसरा आणि जुलैचा दुसरा. त्या दोन्हींत तिथे घर चालतं का, एवढंच बघायचं.

हे मी चूक करून शिकले. माझी जमीन मी २००९ च्या जानेवारीत घेतली. ओढा खळखळत होता, विहिरीला वीस फूट पाणी होतं. भूजलाचं शिक्षण असून मी भुलले. एप्रिलच्या मध्यावर ओढा आटला, मेच्या दहा तारखेला विहिरीचा तळ दिसला. मुरमाचा थर जेमतेम आठ-दहा फुटांचा आणि खाली भेग नसलेला काळा पाषाण, असा तो खडक होता. पावसाळ्यात मुरूम भिजतो, झिरपतो, ओढ्याला पाणी देतो, आणि साठवायला जागाच नसल्याने लवकर रिकामा होतो. दोन उन्हाळे आम्ही टँकरवर काढले. तिसऱ्या वर्षी तीनशे फूट पलीकडे, जिथे मुरूम जाड आहे आणि खाली मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा पाणी धरणारा खडक, लागतो, तिथे दुसरी विहीर काढली. ती आजवर मेमध्ये कोरडी पडलेली नाही. त्याच गटात, त्याच पावसात.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग याच बेसाल्टचा आहे. तो वाळूसारखा पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या थरात, भेगांत, आणि लाव्हाचे दोन थर जिथे एकमेकांवर टेकतात त्या सांध्यात. म्हणून धरणाशेजारी राहूनही तहान लागते. भाटघर आणि नीरा-देवघरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमध्ये उन्हाळ्यात टँकर जातात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण तिथल्या बायका उगाच म्हणत नाहीत. धरणाचं पाणी खाली, वस्ती वर, आणि ते उचलायला वीज आणि योजना दोन्ही लागतात.

तर मेच्या तिसऱ्या आठवड्यात जा. दोराला दगड बांधून विहिरीतल्या पाण्याची खोली मोजा. मालकाला विनंती करून मोटर दोन तास चालवायला लावा, पाणी किती उतरलं ते बघा, मग मोटर बंद करून तेवढंच पाणी परत भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. एका रात्रीत भरली तर घर, दोन गाई आणि परसबाग निघेल. दोन दिवस लागले तर फक्त घर. विहीर कोरडी असेल तर उतरून भिंतीचे थर बघा, किंवा जाणकाराला दाखवा. आजूबाजूच्या किती बोअर फेल गेल्या तेही विचारा. तो आकडा जमिनीच्या जाहिरातीत कधीच नसतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तुमच्या गावाजवळच्या विहिरीच्या मेच्या नोंदी मागून घ्या, आणि त्यात २०१६ आणि २०१९ ही दुष्काळाची वर्षं आधी बघा. पाणाड्याला नारळ घेऊन फिरवायचं तर फिरवा, श्रद्धेचा प्रश्न आहे. पैसे मात्र शेजारच्या विहिरी बघून लावा.

पाण्याबद्दल बायकांना विचारा. पुरुष सांगतात, ‘विहिरीला पाणी आहे.’ बायका सांगतात, मेमध्ये हंडा भरायला किती वेळ थांबावं लागतं आणि कपडे धुवायला कुठे जावं लागतं.

तुमचा संकटाचा हिशेब धरला तर बोअरपेक्षा विहीर मोलाची. वीज गेली तर अडीचशे फुटांवरचं पाणी तुम्हाला हाताने काढता येत नाही. विहिरीवर रहाट असेल तर बारा वर्षांचं पोरही घरापुरतं पाणी शेंदतं. शिवाय छपराचं पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पुरंदरसारखा ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ४८ हजार लिटर मिळतं. पाच माणसांना पिण्या-रांधण्याला दिवसाला ४० लिटर लागतं. आठ कोरडे महिने म्हणजे साधारण १० हजार लिटर. एवढी झाकलेली टाकी कोणत्याही तालुक्यात भरते, म्हणून पिण्याच्या पाण्याची काळजी मी सगळ्यांत कमी करते. अडचण गुरांची असते. एक गाय दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी पिते. दोन गाई म्हणजे तुमच्या घरच्या पिण्या-रांधण्याच्या पाण्याच्या दुप्पट ते तिप्पट. गाय घ्यायची घाई करणाऱ्यांना मी आधी हे गणित मांडून दाखवते.

आता जुलै. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. आंबेगाव जुन्नरला लागून आहे. २०२१ च्या जुलैत महाडमधलं तळिये आणि पाटण तालुक्यातलं आंबेघर, २०२३ च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी. सगळ्या घटना एकाच महिन्यातल्या, तीव्र उताराखालच्या वस्त्यांवरच्या, सलग मोठ्या पावसानंतरच्या. शहरातून जमीन बघायला येणाऱ्यांना नेमकी हीच जागा आवडते, मागे डोंगर, पुढे दरी. मी अशा जागेवर घर बांधू देत नाही. उतारावर नव्या भेगा, कलंडलेली झाडं, तिरपे झालेले विजेचे खांब, एकाएकी गढूळ झालेला किंवा जागा बदललेला झरा, यातलं एकही दिसलं तर तिथून परत फिरा. वरच्या अंगाला कुणी जेसीबीने डोंगर कापून प्लॉट पाडले असतील, तरीही. खालच्या टोकाला ओढ्याचा पूर बघायचा. ओढ्याकाठच्या बाभळीच्या फांदीला किती उंचीवर काडीकचरा अडकलाय ते बघा आणि जोतं त्याच्याही बरंच वर घ्या.

जुलैत एकदा रात्री गाडीने तुमच्या शेतापासून मोठ्या दवाखान्यापर्यंत जाऊन या. हे मी आग्रहाने सांगते आहे, कारण तुमच्या घरात हृदयाचा रुग्ण आहे. गावात उपकेंद्र असेल, दहा किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र असेल, तालुक्याला सरकारी रुग्णालय असेल. पण बंद पडलेली शीर उघडायची सोय तिथे नसते, त्यासाठी बहुधा पुणे. १०८ ची गाडी येते, मात्र डोंगरातल्या वाडीवर पावसात तिला पोचायला लागणारा वेळ तिथल्या आशाताईंनाच विचारा, त्यांना अनुभव असतो. माझ्या मते वडील सोबत असताना पावसाळी रात्री तासाच्या वर जाणारी जागा घेऊ नये. या एका अटीवर भोरचा वरंधा घाटाकडचा सगळा भाग आणि जुन्नरचा माळशेज-नाणेघाटाकडचा भाग बाद होतो. तिथलं पाणी, झाडी, हवा कितीही चांगली असली तरी. वडील धडधाकट असते तर मी दुसरं उत्तर दिलं असतं. सापाचंही इथेच विचारून घ्या : जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस, म्हणजे विषावरचं प्रतिविष, असते का, आणि ती रात्री द्यायला डॉक्टर मुक्कामी असतात का. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या शेजारी तुम्ही राहायला जाताय.

वीज. गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी असते, आणि शेतातल्या घराला बहुतेकदा शेतीच्या वाहिनीवरून जोडणी मिळते. तिच्यावर मोटरीसाठी थ्री फेज आठेक तासच, तीही अनेक ठिकाणी आळीपाळीने रात्री. उन्हाळी वादळात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर नवी बसेपर्यंत आठ-दहा दिवस जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या वाडीवर अकरा दिवस वीज नव्हती. त्या अकरा दिवसांत आमचं घर चाललं ते तीन गोष्टींवर : विहिरीवरचा रहाट, दोन छोटे सौर पॅनेल आणि लाकडाची चूल. सौर पंप घेतलात तर दिवसा उंचावरच्या टाकीत पाणी चढवून ठेवा. टाकी हीच तुमची बॅटरी, आणि ती दहा वर्षांत बदलावी लागत नाही.

धान्याचं बोलू. पाच जणांना वर्षाला सहा क्विंटलच्या आसपास धान्य लागतं. कोरडवाहू रब्बी ज्वारी बऱ्या वर्षात एकरी चार-पाच क्विंटल होते, म्हणजे तुमच्या दोन एकरांतली बरीचशी जमीन नुसत्या भाकरीत जाईल. डाळ आणि तेल वेगळंच. दोन एकरांत सगळं घरचं, हे मी कुणाच्या घरी झालेलं पाहिलेलं नाही. भाजी, फळं, अंडी, थोडं दूध, निम्मं धान्य, इथपर्यंत जाता येतं. उरलेलं शेजाऱ्याकडून सुगीत विकत घेऊन साठवायचं. साठवण्यात मात्र कोरड्या मुलखाची बाजू भक्कम आहे. पश्चिम भोरमध्ये भात, नाचणी, वरई उत्तम येते, पण चार महिने ओल हटत नाही आणि कडधान्याला बुरशी धरते. पुरंदरमध्ये पाणी कमी, पण बाजरी, ज्वारी, हरभरा वर्षभर छान राहतो. आपल्याकडे पेवं आणि बळदं, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या आणि घरातल्या जागा, देशावर रुजली ती यामुळेच. आमच्या मधल्या पट्ट्यात मी तूर आणि हरभरा होळीनंतरच्या उन्हात कडक वाळवते, राख लावते आणि पत्र्याच्या कोठीत भरते. पुढच्या दिवाळीपर्यंत कीड लागत नाही.

तीन तालुक्यांबद्दल माझं मत आता सांगते. पुरंदरला अंजीर-सीताफळाची परंपरा आहे, हवा कोरडी, सासवडमार्गे पुणं जवळ. पण दुष्काळ तिथे पाहुणा नाही, घरचाच आहे. उपसा योजनेचं पाणी येतं ते पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेतून उचललेलं, म्हणजे शहराचं सांडपाणी मिसळलेलं. पिकाला चालतं, पण त्या पाण्याच्या तळ्याशेजारची विहीर प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पिऊ नका. विमानतळासाठी सात गावांची जमीन ठरलेली आहे. त्यांच्या आसपास स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, कारण वीस वर्षांनी तिथे शेत असेल की गोदामं, हे आज कुणी सांगू शकत नाही. जुन्नरच्या पूर्व भागात कुकडी प्रकल्पाचे कालवे आहेत, नारायणगावला दवाखाने आणि टोमॅटोचा मोठा बाजार आहे, मुलांच्या शाळाही आहेत. तिथली अडचण बिबट्याची. ऊस म्हणजे बिबट्याला बारमाही जंगल. वीज रात्री आली की पाणी धरायला माणूस रात्रीच शेतात जातो, आणि हल्ले होतात. शाळकरी मुलांचं घर उसाच्या फडाला लागून नको, आणि अंगणाला कुंपण व दिवा हवा. भोरचा मधला आणि पूर्वेचा पट्टा पावसाने बरा, महामार्गाला जवळ, मात्र तिथे जमिनी महाग झाल्यात आणि फार्महाऊसवाल्यांनी इतक्या बोअर मारल्यात की जुन्या विहिरींची पातळी खाली जाते आहे. तुमच्या अटी धरून मी आधी भोरची ही बाजू बघेन, मग नारायणगावचा पट्टा. पाणी खात्रीचं असलेलं शिवार हाती लागलं तर पुरंदरलाही नाही म्हणणार नाही.

कागदांवर थोडंच लिहिते, कारण हे वकिलाचं काम. परभणीला वडिलांच्या नावावर सातबारा आहे म्हणालात, त्यामुळे शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं तो प्रश्न मिटू शकतो, पण तुमच्या नावावर घ्यायची असेल तर तो पुरावा आधी तयार ठेवा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असेल, तर परवानगीशिवाय व्यवहार नको. आदिवासी खातेदाराची जमीन नको, पश्चिम जुन्नरमध्ये ‘सगळं मॅनेज होतं’ म्हणणारे भेटतील. मोजणी करूनच पैसे द्या. आणि पाणंद, म्हणजे शेतात जायची वाट, गाव नकाशावर आहे का ते बघा. आज शेजारी त्याच्या बांधावरून जाऊ देतो, उद्या त्याची मुलं देतीलच असं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तुमच्या प्रश्नात ती कुठेच नव्हती. मार्च २०२० मध्ये गावोगावी शिवेवर दगड आणि काट्या टाकून रस्ते बंद केले होते. सात-आठ वर्षांपूर्वी जमीन घेतलेली, घर बांधलेली, पण फक्त सुट्टीत येणारी माणसं आमच्याही शिवेवरून परत गेली. ते चुकीचं होतं की बरोबर, यावर आमच्या गावात अजून वाद होतो. पण जे वर्षभर इथे राहत होते, ज्यांनी कुणाच्या भातलावणीला सावडीने (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून) चार दिवस दिले होते, त्यांच्या दारात लोक आपणहून भाजी ठेवून गेले. आमच्या घरी तेव्हा मला ताप होता. शेजारच्या मावशींनी तीन दिवस भाकरी आणि गाईचं पाणी दोन्ही सांभाळलं. संकट आलं की पळून जायची जागा म्हणून शेत घेणार असाल, तर आपल्याकडे ते जमत नाही. पोलीस पाटील, सरपंच, गुराखी, दूध डेअरीवरचा पोरगा, हे सगळे तुम्हाला नावाने ओळखत असले पाहिजेत, आणि तुम्ही त्यांना. गावात तंटे किती आहेत, बाहेरून आलेल्या आधीच्या कुटुंबांशी गाव कसं वागलं, आणि ती कुटुंबं गावाशी कशी वागली, हे त्यांच्याच घरी चहाला जाऊन विचारा.

म्हणून जमीन लगेच घेऊ नका. येत्या मेपासून पुढच्या मेपर्यंत एक वर्ष त्याच गावात भाड्याने राहा. गावठाणात जुनी घरं रिकामी असतात आणि कमी भाड्यात मिळतात. दोघांपैकी एकाची नोकरी घरून चालणारी आहे म्हणालात, तर नेटवर्क पावसात टिकतं का हेही त्यात कळेल, मुलांना शाळा मानवते का आणि वडिलांना थंडी सोसते का तेही. वडिलांना मात्र आजच विचारा, त्यांना स्वतःला यायचंय का. तुमच्या पत्रात त्यांच्या गोळ्यांबद्दल आहे, त्यांच्या इच्छेबद्दल नाही.

मेमध्ये जाल तेव्हा दोर, टेप आणि घड्याळ सोबत ठेवा. विहिरीतल्या पाण्याची खोली, दोन तासांच्या उपशाने उतरलेले फूट, परत भरायला लागलेला वेळ आणि गट नंबर एवढं मला कळवा, म्हणजे त्या जागेबद्दल नेमकं सांगेन.